कपाटाची झडती

कपाटाचें दार उघडतांच घड्या अंगावर कोसळाव्या, आणि तरीहि ‘नेसायला कांहींच नाहीं’ ही तक्रार ऐकूं यावी, हा अनुभव आमच्या सुशिक्षित कुटुंबांस नवा नाहीं. पसारा आवरण्याविषयींचें जपानी लेखिका मारी कोंडो यांचें पुस्तक २०१४ सालीं इंग्रजींत आलें व जगभर वाचलें गेलें. त्याचा गुणदोषविचार येथें अस्थानीं होणार नाहीं.

लेखिकेची पद्धति थोडक्यांत अशी : आरंभ कपड्यांपासून करावा, मग पुस्तकें, कागदपत्रें, किरकोळ जिन्नस व शेवटीं आठवणींच्या वस्तु. आपले सारे कपडे जमिनीवर एकत्र रचावे, एकेक हातीं घ्यावा, आणि त्यानें मन उल्हसित झालें तरच ठेवावा. टाकावयाच्या कपड्याचेहि आभार मानावे. उरलेल्यांच्या घड्या खणांत उभ्या लावाव्या.

यांतील ढिगाची युक्ति मार्मिक आहे. खणाखणांत विखुरलेला संग्रह थोडा भासतो; एकत्र पडला म्हणजे त्याचें खरें माप डोळ्यांत भरतें. उभी घडीहि सोयीची : तळचें वस्त्र विस्मृतींत जात नाहीं, व एक काढतांना दहा विस्कटत नाहींत.

परंतु निवडीची कसोटी आम्हांस अपुरी वाटते. आईची जीर्ण पैठणी हातीं घेतली असतां उल्हास कोठला? गळाच दाटून येतो. अशा वस्तु लेखिकेनें शेवटीं ठेवल्या आहेत खऱ्या. पण कसोटी तीच, आणि तीहि एकट्या व्यक्तीच्या मनाची. आमचें कपाट बहुधा साऱ्या घराचें असतें. जुनें लुगडें गोधडींत जाई, मऊ धोतराचीं बाळासाठीं दुपटीं होत, उरलेलें बोहारणीला देऊन भांडें घेतलें जाई. वस्त्र घरांतून जाण्यापूर्वींच त्याचा पुढला मार्ग ठरलेला असे. त्या मार्गाच्या मानानें नुसते आभार आम्हांस तोकडे वाटतात.

तीन मुलांची आई झाल्यावर आपण टापटिपीचा आग्रह जवळजवळ सोडला आहे, असें २०२३ सालीं स्वतः लेखिकेनेंच सांगितलें. कित्येकांनीं त्याची थट्टा केली. आम्हांस त्यांत प्रांजळपणा दिसतो. घर एकट्याच्या मनाप्रमाणें चालत नाहीं, ही त्यांतली खरी गोष्ट आहे.

तेव्हां वाचकांनीं ढीग अवश्य रचावा, घड्याहि उभ्या लावाव्या. मात्र प्रत्येक कपडा बाजूस काढतांना ‘हा कोणाच्या अंगाला येईल?’ आणि नवा आणतांना ‘हा कोणत्या खणांत राहील?’ एवढें घरांतल्या माणसांना विचारून घ्यावें.