राज्य अधिनियमांचे संदर्भलेखन : नाव, वर्ष आणि क्रमांक

शोधनिबंधांत राज्याच्या कायद्यांचा संदर्भ देताना केवळ नाव व वर्ष नमूद करण्याची प्रथा दिसून येते. ही प्रथा अपुरी आहे. 'मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०' याच्या नावातील 'मुंबई'च्या जागी २०१२ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २४ अन्वये 'महाराष्ट्र' हा शब्द आला. कायदा मात्र तोच राहिला. १९५० चा मुंबई अधिनियम २९ हा त्याचा क्रमांकही कायम आहे. याउलट, १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याची जागा 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' ने घेतली. येथे कायदाच बदलला. शिवाय त्याचा क्रमांक २००० चा महाराष्ट्र अधिनियम १८ असा आहे. म्हणजे शीर्षकातील वर्ष व क्रमांकाचे वर्षही भिन्न असू शकते. हा भेद संदर्भात स्पष्ट नसल्यास जुन्या कायद्यावरील उच्च न्यायालयाचा निवाडा नव्या कायद्याला सरसकट लावला जातो आणि भाडेकरूच्या हक्काविषयीचा निष्कर्षच सदोष ठरतो. म्हणून निवाड्याचे पक्षकार, न्यायालय, वर्ष, खंड व पृष्ठ यांसोबत अधिनियमाचे निवाड्यातील नाव, त्याचा क्रमांक आणि नाव बदलले असल्यास आजचे नाव कंसात देणे अगत्याचे आहे. तसे झाले तरच वाचकास मूळ तरतूद पडताळून पाहता येईल.