वादी, संवादी आणि कान

भूप आणि देसकार या दोन रागांचे स्वर एकच आहेत: सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. परीक्षेच्या पुस्तकात भूप कल्याण थाटात सांगितलेला असतो आणि देसकार बिलावल थाटात. या दोन थाटांत फरक एकाच स्वराचा. कल्याणात मध्यम तीव्र, बिलावलात शुद्ध. म्हणजे ज्या स्वरावरून थाट ओळखायचा, नेमका तोच स्वर या दोन्ही रागांना वर्ज्य. मग कोणाचा थाट कोणता, हे ठरले कसे? संगीताच्या परिभाषेचा विचार करताना मला हा प्रश्न सर्वांत उपयोगी वाटत आला आहे, कारण त्याचे उत्तर कोष्टकात नाही. ते कोष्टक करणाऱ्याच्या कानात होते.

कोष्टक केले विष्णु नारायण भातखंडे यांनी. 'थाट' हा शब्द त्यांचा नव्हे. सतारीचे पडदे ज्या मांडणीत सरकवायचे त्या मांडणीला वादक थाट म्हणत. भातखंड्यांनी हा कारागिरीचा शब्द उचलला, दक्षिणेतल्या व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची कल्पना समोर ठेवली आणि उत्तरेतले राग दहा थाटांत बसवले. पेशाने ते वकील. त्या काळी खाँसाहेबांच्या पेटाऱ्यात बंद असलेली विद्या चारचौघांच्या हाती यावी, म्हणून पुरावे गोळा करावेत तशा त्यांनी चिजा गोळा केल्या. या कामाचे मोल कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. माझी तक्रार आहे ती त्या कामाचे पुढे जे झाले त्याबद्दल.

'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा त्यांचा चार भागांचा ग्रंथ मराठीत आहे आणि तो गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत. शिष्य विचारतो, गुरु सांगतो, मतांतरे येतात. संवादाच्या रूपात शंकेला जागा असते. पुढे विद्यालये निघाली, परीक्षा आल्या, आणि या ऐसपैस बोलण्यातून प्रत्येक रागामागे आठ-दहा ओळी उरल्या: थाट, जाती, वादी, संवादी, समय, आरोह, अवरोह, पकड. विशारदला बसलेल्या मुलाला भूपाचा वादी गंधार आणि देसकाराचा धैवत हे पाठ असते. भूपातला धैवत पंचमाकडे उतरताना किती हलका ठेवायचा, देसकारात त्याच धैवतावर ठाण मांडून रिषभ कसा दुबळा करायचा, हे त्या ओळींत मावत नाही. ते तालमीत कळते. आणि भूप कल्याणाचा का, याचे उत्तरही तिथेच आहे: त्याचे चलन कल्याणाच्या अंगाने जाते, म्हणून. थाटाची व्याख्या स्वरांवर उभी. प्रत्यक्ष निवाडा मात्र अंगावर दिलेला.

मारव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, बाकी शुद्ध, पंचम वर्ज्य. पूरियाचा वादी गंधार, संवादी निषाद. सोहनीचा वादी धैवत, संवादी गंधार. दोन्ही जोड्या तंबोऱ्यावर पडताळून पाहा, षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम भाव नीट मिळतो. भरताने संवादी स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर सांगितले ते हेच. आता मारवा. रूढ पुस्तकांत वादी कोमल रिषभ आणि संवादी धैवत. कोमल रिषभाचा पंचम म्हणजे कोमल धैवत, आणि तो तर या रागात नाहीच. शुद्ध धैवताशी रिषभाचा संवाद जुळत नाही. व्याख्या एक आणि उदाहरण तिच्या विरुद्ध, तरी दोन्ही एकाच पानावर सुखाने नांदतात.

हे असे का झाले असावे? माझा तर्क असा. भातखंड्यांच्या समयसिद्धान्तात वादी पूर्वांगात असेल तर राग दुपारी बारा ते रात्री बारापर्यंतचा, उत्तरांगात असेल तर त्यानंतरचा. मारवा सूर्यास्ताचा राग. धैवताला वादी केले असते तर मारवा घड्याळाच्या चुकीच्या बाजूला गेला असता. रिषभ वादी केल्याने वेळ सांभाळली, संवाद सुटला. काही जण धैवतालाच वादी मानतात. मग संवाद गंधाराशी जुळतो पण वेळेचा नियम मोडतो. दोन नियमांच्या कात्रीत सापडलेला हा राग आहे.

आणि गंमत अशी, की गाणाऱ्याला या कात्रीशी काही देणेघेणे नसते. अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकावा. षड्ज हाताशी असून ते त्यावर टेकत नाहीत. रिषभ आणि धैवत हे दोन स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणूनच तिथे थांबलेला आवाज अधांतरी राहतो, ऐकणाऱ्याला षड्जाची ओढ लागते, आणि तो षड्ज आला की क्षणभरच. पंचम वर्ज्य असल्याने तंबोऱ्याची पहिली तारही पुष्कळदा निषादात लावलेली असते. पायाखालची जमीनच थोडी सरकलेली. मारव्याचा सगळा उदासपणा या विसंवादात आहे. पुस्तक त्याला 'संवादी' म्हणते!

या परिभाषेचा खरा फटका मराठी संगीतसमीक्षेला बसला. 'वादी स्वराला योग्य न्याय देत रागस्वरूप स्पष्ट केले' हे वाक्य आपण किती वृत्तान्तांत वाचले असेल! त्यातून त्या संध्याकाळी काय गायले गेले याचा पत्ता लागत नाही. वामनराव देशपांड्यांनी 'घरंदाज गायकी'त स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराणी मांडून पाहिली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या, जयपूर मध्ये. ही मोजपट्टीही मला जरा जास्तच नीटनेटकी वाटते. पण ती ऐकण्यातून आलेली आहे, तिच्याशी भांडता येते. कोष्टकाशी भांडता येत नाही.

शब्दांचा दुष्काळ मात्र आपल्याकडे मुळीच नाही. बैठकीत बसणाऱ्या साध्या श्रोत्याच्या तोंडी लगाव, बढत, फिरत, आमद हे शब्द सहज असतात. 'काय जागा घेतली' असे तो म्हणतो तेव्हा स्वर कोणता हे त्याला सांगता येईलच असे नाही. तो स्वर कुठून आला, किती थांबला आणि काय टाळून गेला, ते त्याने अचूक टिपलेले असते. यातला एकही शब्द परीक्षेच्या कोष्टकात रकाना म्हणून नाही. अहिरभैरवाची दहा थाटांत कुठेच सोय लागत नाही, कारण कोमल रिषभ आणि कोमल निषाद यांची अशी जोडी घेणारा थाटच तिथे नाही. श्रोता तो पहिल्या दोन आलापांत ओळखतो: पूर्वांगात भैरव, उत्तरांगात काफी.