पायाखालची रेघ

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एका भिंतीवर वारली चित्र आहे. विटकरी रंगाचा प्लास्टिक पेंट, त्यावर पांढरी माणसं, मध्ये तारपावाला, त्याच्याभोवती नाचाचं वेटोळं, कोपऱ्यात दोन झोपड्या आणि एक ताड. खाली चकचकीत पाटी : 'वारली – ५,००० वर्षं जुनी प्रागैतिहासिक कला'. मी डहाणूचा आहे हे टीममध्ये सगळ्यांना माहीत. त्यामुळे नवीन कुणी आलं की जेवताना विचारतंच, "हे तुमच्याकडचं ना? खरंच एवढं जुनं आहे?" दोन-तीन वर्षं मी बिनदिक्कत "हो" म्हणत होतो. आपल्या गावच्या गोष्टीला कुणी जुनं म्हटलं की बरं वाटतं. शिवाय मी डहाणूच्या चिकूवाडीवाल्यांच्या घरातला, वारली नाही. कौतुक झालं की 'आमचं' आणि जमिनीचा विषय निघाला की 'त्यांचं', ही सोय आमच्या लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे.

तो "हो" घशात अडकायला लागला इजिप्तमुळे. डिसेंबर २०२३मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम यांची प्राचीन शिल्पं शेजारी शेजारी मांडणारं प्रदर्शन सुरू झालं. ते बघून आल्यावर काही महिने मी इजिप्तमध्येच होतो. म्हणजे डहाणू लोकलमध्ये, फोनवर. चर्चगेटपर्यंतच्या प्रवासात माणूस बरंच काही वाचू शकतो.

इजिप्तच्या थडग्यांमधला माणूस आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलाय. तोंड बाजूने, पण डोळा समोरून. खांदे समोरून, कमरेखाली पुन्हा बाजूने. असं कुणी उभं राहू शकत नाही. पण शरीराचा प्रत्येक भाग जिथून चटकन ओळखू येतो, तिथून तो काढायचा, हा त्यामागचा नियम. चितारी आधी लाल रंगात चौकटींचं जाळं आखायचे. मधल्या राजवटीपासून उभ्या माणसाची उंची तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत अठरा चौकटी, असं ठरलेलं होतं. कलेच्या इतिहासाची पुस्तकं याला 'कॅनन' म्हणतात आणि त्याबद्दल फार आदराने लिहितात.

आता वारली माणूस घ्या. दोन त्रिकोण, टोकाला टोक जोडून. वरचा छाती, खालचा कंबर. डोक्याला गोल, हातापायांना काड्या. हाही नियमच आहे, आणि इजिप्तपेक्षा कडक, कारण इथे सांगायची मुभाच फार कमी आहे. बाई की बाप्या हे अंबाड्याच्या एका टिंबावरून कळतं. दोन टोकं जिथे भेटतात तिथे शरीर कुठेही झुकू शकतं, म्हणून ही माणसं नाचताना, लावणी करताना, ओझं उचलताना खरी वाटतात. तरी याच्याबद्दल लिहिताना शब्द येतात ते 'निरागस', 'बालसुलभ', 'आदिम'. नियम राजाच्या थडग्यात पाळला तर तो कॅनन, आणि गंजाडच्या कुडाच्या भिंतीवर पाळला तर निरागसपणा. हा फरक चित्रात कुठे आहे, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

पण मला जास्त अडवलं ते दुसऱ्याच एका भिंतीने. इजिप्तमध्ये पिरॅमिडांच्याही खूप आधी, सुमारे इ. स. पू. ३५००च्या आसपास, हिएराकोनपोलिस या गावी कुणा बड्या माणसासाठी एक थडगं बांधलं होतं. पुरातत्त्ववाले त्याला 'थडगं क्रमांक १००' म्हणतात. त्याच्या गिलाव्यावर मोठ्या होड्या आहेत, जनावरं आहेत, लढणारी माणसं आहेत, दोन सिंहांना दोन हातांनी धरणारा एक माणूस आहे. त्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलो, इतकं ते आमच्याकडच्यासारखं दिसतं! बहुतेक आकृत्यांच्या पायाखाली जमीन नाही. होड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत माणसं आणि हरणं विखुरलेली आहेत, जणू वरून कुणी मूठभर धान्य टाकलंय.

त्याच गावात, काही शतकांनंतरची एक दगडी पाटी सापडली, नार्मर राजाची. साधारण इ. स. पू. ३१००. आता ती कैरोच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर सगळं बदललेलं आहे. आडव्या रेघा मारून पट्ट्या पाडल्यात आणि प्रत्येक जण आपापल्या रेघेवर उभा आहे. राजा सगळ्यांत मोठा, चपला उचलणारा सेवक त्याच्या गुडघ्याएवढा, शत्रू पायाखाली. वर राजाचं नाव चित्रलिपीत कोरलेलं. लेखन, राजा आणि पायाखालची रेघ या तीन गोष्टी इथे एकत्रच दिसतात. 'प्रागैतिहासिक' इजिप्त संपून 'ऐतिहासिक' इजिप्त सुरू झाला असं जे म्हणतात, तो क्षण डोळ्यांनी बघायचा असेल तर ही दोन चित्रं शेजारी ठेवावीत.

इथे मोह होतो. वारली चित्रात पायाखाली रेघ नाही, कुणी कुणापेक्षा मोठा नाही, तारपावालासुद्धा नाचणाऱ्यांएवढाच. म्हणजे ते 'थडगं १००'च्या बाजूचं, नार्मरच्या आधीचं! पाटीवरचे पाच हजार इथूनच येतात. इंटरनेटवर कुठे अडीच हजार वर्षं लिहिलंय, कुठे पाच हजार, आणि आधार शोधत गेलं की बहुतेक वेळा एकच हाती लागतो : भीमबेटकाच्या गुहांमधली चित्रं अशीच दिसतात. पण दोन प्रोग्रामचा आउटपुट सारखा आला म्हणून ते एकाच दिवशी लिहिले गेले, असं आम्ही कोड रिव्ह्यूमध्ये म्हणालो तर लोक हसतील. वारल्यांच्या कारवीच्या कुडावरचं शेणामातीचं सारवण दर काही काळाने नवं होतं, त्याखाली जुनं चित्र जातं. हजार वर्षांपूर्वीची भिंतच शिल्लक नाही, मग वय कशाचं मोजणार?

खरोखरची प्रागैतिहासिक चित्रं बघायची तर कोकणातच खाली रत्नागिरीकडे जावं. जांभ्या दगडाच्या सड्यावर कोरलेली कातळशिल्पं. कशेळीचा तो अवाढव्य हत्ती, ज्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. तिथे उभं राहिलं की 'प्रागैतिहासिक' या शब्दाचा अर्थ कळतो. कोरणाऱ्यांनी मागे नाव ठेवलं नाही, गाणं ठेवलं नाही, विचारायला कुणी उरलं नाही. वारल्यांच्या लग्नातला चौक कुणी काढला, त्यात फणी का, शिडी का, मधोमध पालघट देवी का, हे विचारायला डहाणू-तलासरीत आजही सवाशिणी आहेत आणि लग्न लावणारी, गाणी म्हणणारी धवलेरी आहे. जिला विचारता येतं तिला प्रागैतिहासिक म्हणणं, म्हणजे तिच्याशी बोलायचं टाळणं.

आणि रेघ नाही म्हणजे राजा ठाऊक नव्हता, असंही नाही. वारली जव्हारच्या मुकणे राजांच्या शेजारी राहिले. किनाऱ्यावर पोर्तुगीज आले, मग मराठे, मग इंग्रज आणि त्यांचे जंगलाचे कायदे. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पिढ्या वेठीला बांधल्या गेल्या. १९४५मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो काळ आहे. ज्यांच्या इतिहासाला तारीखवार नोंदी आहेत, त्यांच्या चित्राखाली 'प्रागैतिहासिक' लिहिलं की ही सगळी पानं एका शब्दात फाडून टाकता येतात. पाच हजार वर्षांच्या माणसाला मजुरी द्यावी लागत नाही, आणि जमिनीचा मोबदलाही नाही. आमच्याकडे सध्या बुलेट ट्रेन, महामार्ग आणि वाढवण बंदर अशी तीन कामं एकदम आहेत. त्यामुळे हा मुद्दा मला निव्वळ कलेचा वाटत नाही.

गंमत म्हणजे संपाच्या बाबतीतही इजिप्त शेजारी येऊन बसतं. राजांच्या दरीतली थडगी कोरणारे, रंगवणारे कारागीर देइर एल-मदिना नावाच्या वस्तीत राहायचे. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांचा धान्याचा रतीब थकला, तेव्हा त्यांनी काम टाकलं आणि मंदिराशी जाऊन बसले. त्याची नोंद असलेला पपायरस तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगातला नोंद झालेला पहिला संप म्हणून तो सांगितला जातो. म्हणजे रेघेवर शिस्तीत उभी केलेली ती माणसं ज्यांनी काढली, ते स्वतः रेघ सोडून उठले होते. हे कळल्यापासून मला ती चित्रं जरा वेगळी दिसतात.

उलट बाजूचंही सांगितलं पाहिजे. 'प्राचीन' या शब्दाचा वारली तरुणांना उपयोग झाला आहे. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे आदिवासींच्याच संघटनेची खटपट होती. आपली परंपरा किती जुनी हे सांगावं लागतं, तेव्हाच कुणीतरी ऐकतं, ही त्यांची अडचण मला कळते. त्यांनी 'जुनं' म्हणणं आणि माझ्या कँटीनने म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता खुद्द चित्रांकडे, कारण या वादात ती मागे पडतात. ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्याआधी दुष्काळात मिथिलेच्या बायकांकडे कागद घेऊन गेले होते, मग ते डहाणूत आले. चौक हे सवाशिणींचं काम, पण कागदावर नाव झालं ते एका पुरुषाचं, जिव्या सोमा म्हसे यांचं. १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, १९८९मध्ये पॅरिसचं गाजलेलं प्रदर्शन, २०११मध्ये पद्मश्री, २०१८मध्ये निधन. बायकांची नावं मागे राहिली. म्हसे यांच्या मोठेपणाला त्याने धक्का लागत नाही, पण बाजार आला की तो एक नाव मागतो, आणि ते सहसा कुणाचं असतं हेही कळतं.

म्हसे यांनी मासेमारीच्या जाळ्याचा विषय पुन्हा पुन्हा घेतला. शेणाने सारवल्यासारख्या कापडावर पांढऱ्या बारीक रेषांचं जाळं पसरत जातं. कुठे घरं दाट, कुठे विरळ, कुठे ओढ बसल्यासारखी लांबट. जाळं मोजून आखलेलं नाही. हात जिथे दमला, जिथे सावरला, ते दिसतं. इजिप्तचा चितारी चौकटींचं जाळं आखायचा आणि चित्र झालं की ते रंगाखाली दडवायचा. म्हसे यांच्याकडे जाळं हेच चित्र आहे. यात मला 'आदिम' काही दिसत नाही. एक माणूस आपल्या वारशात नसलेल्या आकाराचा कापड हाती आल्यावर त्याचं काय करायचं, याचा शांतपणे विचार करतोय, एवढं दिसतं. असा विचार करणाऱ्याला आपण आधुनिक चित्रकार म्हणतो.

कँटीनमधलं चित्र याच्या शेजारी ठेवलं की मरून जातं. ते कुठल्यातरी व्हेक्टर फाइलमधून आलंय. एक माणूस काढला आणि चोवीस वेळा फिरवून चिकटवला. कंबर सगळ्यांची एकाच कोनात. नाचाचं वेटोळं पक्कं वर्तुळ झालंय, त्याला शेपूट नाही, नवीन कुणी हात धरून आत यायला जागा नाही. आणि सगळ्यात खाली, झोपड्यांच्या पायथ्याशी, डिझायनरने एक सरळ आडवी रेघ मारली आहे. माणसं हवेत तरंगताना बरी दिसत नसावीत.

गेल्या मे महिन्यात शाळेतल्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं, गंजाडच्या पुढे एका पाड्यावर. आदल्या दिवशी गेलो तेव्हा आत चौकाचं काम चालू होतं. तांदळाच्या पिठाची वाटी, चावून मऊ केलेली बांबूची काडी, गेरूने सारवलेली भिंत, आणि चार बायका. मी मित्राच्या काकीला विचारलं, "काकी, काढायला किती वेळ लागतो?"

"काढत नाय," ती म्हणाली. "चौक लिहितात."

प्रागैतिहासिक म्हणजे लेखनाच्या आधीचं, अशी व्याख्या आम्ही शाळेत पाठ केली होती. इजिप्तच्या भाषेतही लिहिणं आणि चित्र काढणं यांना एकच शब्द होता, आणि चितारी हा लेखकाच्याच जातीचा गणला जायचा. आपला 'लिख' धातूही मुळात रेघ ओढण्याचा, ओरखडण्याचा. हे सगळं मला त्यांना सांगायचं होतं. फोन काढून थडग्याचा तो फोटोही शोधायला लागलो होतो.

"बाजूला सरक रे जरा," काकी म्हणाली. "उजेड अडतो."