‘आमूर’ : बंद दाराआडची सेवा

मिखाएल हानेके यांच्या ‘आमूर’ या फ्रेंच चित्रपटाला २०१२ साली कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळाला आणि २०१३ साली ऑस्करही. ‘आमूर’ म्हणजे प्रेम. परंतु मला तो एका निराळ्याच कसोटीवर पाहावयाचा आहे : पक्षाघाताचा रोगी रुग्णालयातून घरी आला, की त्याची सेवा करणाराचे काय होते?

जॉर्ज आणि अ‍ॅन हे पॅरिसमधील वृद्ध संगीतशिक्षक दांपत्य. एके सकाळी न्याहारी करता करता अ‍ॅन क्षणभर शून्यात जाते. मानेतील रक्तवाहिनीवरील शस्त्रक्रिया फसते, उजवे अंग लुळे पडते आणि ती चाकांच्या खुर्चीतून घरी येते. पुन्हा रुग्णालयात धाडू नये, असे वचन ती पतीकडून घेते. तेथून पुढे उचलणे, बसविणे, भरविणे, स्वच्छ करणे हा दिनक्रम दिग्दर्शक किंचितही घाई न करता दाखवितो. पाणी थुंकून टाकणाऱ्या पत्नीच्या गालावर जॉर्जचा हात पडतो, तो प्रसंग पाहताना अंगावर काटा येतो. हा मनुष्य दुष्ट नव्हे, थकलेला आहे. अखेरीस तोच उशीने तिचा श्वास कोंडतो.

वकील म्हणून मला हा खटला अवघड वाटत नाही. कृत्य उघड आहे. अवघड आहे ते आरोपपत्र पुरे करणे. शेजारी वाणसामान आणून देतो आणि तुमचे मोठे कौतुक वाटते, असे म्हणून निघून जातो. मुलगी येते, रडते, परत जाते. एक परिचारिका रोग्याशी निर्दयपणे वागते म्हणून जॉर्ज तिला घालवून देतो. पुढे तो मुलीपासूनही खोलीला कुलूप घालतो. माझा आक्षेप येथेच आहे. हे बंद दार दिग्दर्शक प्रेमाची अपरिहार्य परिणती म्हणून मांडतो. मला ती परिणती वाटत नाही. ती उणीव वाटते.

आपल्याकडील पुरावा पाहा. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० पक्षाघातग्रस्तांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. घरच्या माणसांना व्यायाम व शुश्रूषा शिकविली, तरी सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. घरच्यांना शिकवू नये, असा याचा अर्थ नव्हे. सारा भार घरावर टाकून मोकळे होता येत नाही, इतकाच तो आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शुश्रूषा करणाराची व्याख्या केली, त्याच्यासाठीच्या भत्त्याचाही उल्लेख केला; पण तो शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत! त्या मर्यादेपलीकडचे काम समाजाचे उरते.

आपण देवळाच्या चौकात ‘धन्य ती सून’ म्हणतो, तेव्हा आपणही त्या शेजाऱ्याहून निराळे नसतो. त्या सुनेला पालखीच्या दिवशी देवदर्शनाला येता यावे म्हणून दोन तास रोग्याजवळ कोण बसते? देवस्थानच्या महाजनांनी अशा घरांची यादी करून पाळ्या लावल्या, तर तीही देवाचीच चाकरी होईल. ‘आमूर’ अवश्य पाहावा, आणि पाहून झाल्यावर शेजारचे एखादे बंद दार ठोठवावे.