कोणता चहा, कोणाचे आयुष्य?

पंचवटीत रामकुंडापासून मालेगाव स्टँडकडे चालत निघाले तर चहाची टपरी शोधावी लागत नाही. पातेल्यात दूध, पाणी, साखर, ठेचलेले आले आणि चहाची पूड एकत्र खळखळत असते. शेजारच्या किराणा दुकानात आता हिरव्या चहाचे पुडेही मिळतात. चयापचय सुधारतो, वार्धक्य लांबते, अशा अर्थाचे दावे या चहाबद्दल केले जातात आणि वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्या त्यांना ‘संशोधनाने सिद्ध’ अशी जोड देतात. आम्हाला येथे परीक्षा करायची आहे ती चहाची नव्हे, या दाव्यांची. त्यांच्यामागे संशोधन आहे, हे खरे. पण ते कोणत्या चहावर, कोणत्या प्राण्यावर आणि किती मात्रेत झाले, हे दावा छापताना गळून पडते. खरी गोम तिथेच आहे.

हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचा. ताज्या पानात कॅटेचिन वर्गातील पॉलिफिनॉल संयुगे भरपूर असतात. हिरव्या चहासाठी पाने लगेच तापवतात; त्यामुळे पानातील विकरे निकामी होतात आणि कॅटेचिने टिकतात. आपल्या दाणेदार चहासाठी पाने दातेरी रुळांमध्ये चिरडून, फाडून, वळवून घेतात. (सीटीसी या आद्याक्षरांचा अर्थ हाच; हे यंत्र १९३०च्या सुमारास आसामात आले.) चिरडलेल्या पानात हवेतील ऑक्सिजन शिरतो आणि कॅटेचिनांपासून थिआफ्लेविन, थिआरुबिजिन ही तांबूस रंगद्रव्ये बनतात. चिरलेले वांगे काळे पडते, तोच हा प्रकार. म्हणून टपरीवरच्या चहात कॅटेचिन थोडेच उरते. हिरव्या चहावरचा निष्कर्ष उचलून त्याला चिकटवता येत नाही.

आता ‘वार्धक्य लांबते’ याकडे वळू. २०२१ साली झ्युरिक व येना येथील संशोधकांनी एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमींना हिरव्या चहातील दोन कॅटेचिने दिली. कृमी जास्त जगले. का जगले, हे अधिक मनोरंजक आहे. पुड्यावर ‘प्रतिऑक्सिडीकारक’ हा शब्द ठळक असतो. इथे मात्र कॅटेचिनांनी पेशींतील तंतुकणिकांच्या कामात प्रथम अडथळा आणला आणि ऑक्सिडीकारक रेणू काही काळ वाढले. या सौम्य त्रासाला उत्तर म्हणून पेशींनी स्वतःची संरक्षक विकरे वाढवली. व्यायामाने स्नायूला जो ताण पडतो, त्याच जातीची ही गोष्ट. तेव्हा ‘चहा शरीरातला गंज काढतो’ हे लोकप्रिय चित्र या प्रयोगातून तरी निघत नाही. शिवाय आतड्यातून कॅटेचिने फार कमी शोषली जातात, त्यामुळे कृमीला दिलेली मात्रा कपाने माणसाच्या रक्तात पोहोचत नाही.

उंदरांवरचे काम पुरवण्यांत क्वचितच दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या एका कार्यक्रमात एकच प्रयोग तीन ठिकाणी स्वतंत्रपणे करतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात हिरव्या चहाच्या अर्काने उंदरांचे आयुष्य लक्षणीय वाढले नव्हते. कृमीची बातमी होते, उंदराची होत नाही.

चयापचयाचा दावा तर साध्या अंकगणितावरच अडखळतो. १९९९ साली जिनिव्हात दहा तरुण पुरुषांना चहाचा अर्क देऊन बंद खोलीत त्यांचा ऊर्जाव्यय मोजला. चोवीस तासांत तो सुमारे ४ टक्क्यांनी वाढला. दिवसाला २,००० किलोकॅलरी धरल्या, तर ही वाढ ८० किलोकॅलरी. दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखरेतून ४० किलोकॅलरी मिळतात. असे दोन कप गोड चहा घेतले की हिशेब पुन्हा शून्यावर! हे गणित सातवीच्या वर्गातही करून घेता येईल. वजन घटण्याविषयीच्या चाचण्यांचा कोक्रेन गटाने २०१२ साली आढावा घेतला, त्यातही घट नगण्यच निघाली.

प्रत्यक्ष माणसांचे काय? जपानमधील ओसाकी येथे ४०,५३० प्रौढांची ११ वर्षे नोंद ठेवली गेली. त्यात दिवसाला पाच किंवा अधिक कप हिरवा चहा पिणाऱ्यांचे मृत्युप्रमाण एका कपाहून कमी पिणाऱ्यांपेक्षा पुरुषांत १२, तर स्त्रियांत २३ टक्क्यांनी कमी आढळले (२००६). ब्रिटनमधील सुमारे पाच लाख लोकांच्या २०२२च्या अभ्यासात, बहुतेक काळाच चहा पिणाऱ्यांत, दोन किंवा अधिक कपांमागे ९ ते १३ टक्के घट दिसली. दूध-साखर घातल्याने चित्र बदलले नाही. हा पुरावा आम्ही हलका मानत नाही. पण ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हेत. चहा पिणारे आणि न पिणारे यांच्यात आणखी किती गोष्टी वेगळ्या असतात! आणि त्यांचा चहा आपल्यासारखा दुधात उकळून आटवलेला नसतो.

चहातील पॉलिफिनॉलांचा एक परिणाम मात्र प्रयोगांनी पुन्हा पुन्हा दिसला आहे, आणि तो पुड्यावर नसतो. ती संयुगे धान्य-भाजीतील लोह बांधून ठेवतात आणि त्याचे शोषण घटवतात. आपल्याकडे किती मुले सकाळी चहा-पोळी खाऊन शाळेत येतात, हे शिक्षकांना सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा घरात ‘चहा आरोग्यदायी’ हे वाक्य जाते, तेव्हा म्हातारपणी कदाचित होईल अशा फायद्यासाठी आजच्या मुलीचे लोह खर्ची पडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार-मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा, असे स्पष्ट सांगितले आहे. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी वाटली जाते. ती ज्या दिवशी द्यायची, त्या दिवशी तरी हे सांगावे आणि गोळी चहाबरोबर घेऊ देऊ नये. लिंबू किंवा पेरू मात्र जेवणात जरूर असावा, कारण क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते.

मुलींना हे नुसते सांगण्यापेक्षा दाखवणे बरे. प्रयोगशाळेतील हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चिमूटभर घेऊन पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या परीक्षानळीत बिनदुधाचा, बिनसाखरेचा कोरा चहा गार करून घ्यावा आणि त्यात ते द्रावण थेंबथेंब सोडावे. तांबूस चहा शाईसारखा काळपट होतो. जुनी शाई टॅनिन आणि हिराकस यांचीच बनत असे. नळीतले मिश्रण अर्थातच कोणी चाखू नये. शेजारी साध्या पाण्याची नळी तुलनेसाठी ठेवावी, आणि रंग का बदलला ते आधी मुलींनाच विचारावे.