राजपुत्र तोच, चाल वेगळी

नव्वदच्या दशकात डॉसवर संगणक शिकलेल्यांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची ओळख करून द्यावी लागत नाही. जॉर्डन मेकनरने अ‍ॅपल टू या संगणकासाठी रचलेला हा गेम १९८९ साली आला. तळघरातून सुटायचं, दुष्ट वजीर जाफरला गाठायचं, राजकन्येला सोडवायचं आणि हे सगळं ६० मिनिटांत. गोष्ट एवढीच. पण धावत्या राजपुत्राला थांबवायला गेलं की तो आणखी पाऊलभर घसरून मगच थांबे. मेकनरने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं होतं आणि त्यावरून एकेक चित्र गिरवलं होतं. त्यामुळे त्या इवल्याशा आकृतीला वजन आलं. संगीत जवळपास नाहीच. पावलांचा आवाज आणि जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांचा. मेलात तर लेव्हल पुन्हा पहिल्यापासून, घड्याळ मात्र चालूच.

या मालिकेचा सूर पगडीत किंवा महालाच्या कमानींत शोधणाऱ्यांशी माझं जमत नाही. चुकलेल्या उडीची किंमत कशी वसूल होते, त्यात तो आहे. पुढचे भाग मी त्याच कसोटीवर घासून पाहतो.

२००३चा ‘द सँड्स ऑफ टाइम’ वरवर पाहता मूळ गेमच्या उलटा. तिथे घड्याळ दामटवत होतं. इथे हातातल्या खंजिराने काळच मागे फिरवता येतो. कड्यावरून पडलात, कळ दाबली, पुन्हा कड्यावर. पण खंजिरातली वाळू मोजकी, म्हणजे हिशेब आलाच. शिवाय सगळी कथा राजपुत्र स्वतःच सांगतोय. त्यामुळे तुम्ही मेलात की तो स्वतःला सावरून घेतो: छे, असं नव्हतं घडलं! मरण म्हणजे कथेकऱ्याची जीभ घसरणं, ही कल्पना अजूनही ताजी वाटते. या गेमच्या कथेत आणि रचनेत मेकनरचा हात होता, आणि तो दिसतो.

वर्षभरातच ‘वॉरियर विदिन’ आला आणि आधीच्या गेममध्ये सोबतीण फाराहशी वाद घालणारा राजपुत्र दात-ओठ खाणारा मारेकरी झाला. गॉडस्मॅकचं कर्कश रॉक, उडणारी मुंडकी, तोकड्या चिलखतातल्या बायका. मेकनरनेही पुढे या वळणाबद्दल उघड नापसंती दाखवली. गंमत अशी, की पाठलाग करणारा दहाका हा काळाचा पहारेकरी मूळ गेममधल्या घड्याळाचा सख्खा वारस आहे. तो मागे लागला की बोटं आपोआप घाई करतात, तेवढ्यापुरता सूर अचूक लागतो. मग पुन्हा गिटार सुरू होते. ‘द टू थ्रोन्स’ने (२००५) फाराहला परत आणून डागडुजी केली, फार बोलावं असं त्यात नाही.

२००८च्या भागावर मात्र अन्याय झाला, असं माझं मत आहे. त्यात राजपुत्र मरतच नाही. पडला की सोबतची एलिका हात देऊन वर खेचते. ‘मग खेळायचं कशाला?’ अशी ओरड झाली. पण ती किंमत गेमने शेवटासाठी राखून ठेवली होती. एलिका मरते आणि तिला परत आणायला राजपुत्र खेळाडूच्याच हातून सगळी कमाई धुळीला मिळवतो, कैद केलेल्या अह्रिमन या अंधाराच्या देवाला मोकळा करतो. एवढा वेळ फुकट मिळालेल्या प्रत्येक हाताचं बिल एकदम समोर येतं.

२०२४च्या ‘द लॉस्ट क्राउन’मध्ये तर नायक राजपुत्रही नाही. सरगॉन हा योद्धा अपहृत राजपुत्राला शोधत काफ पर्वतावर जातो. खेळ पुन्हा बाजूने दिसणारा, सुळे पुन्हा निर्दय, संवाद हवे तर फारसीत ऐकावेत. त्याला मिळणारी एक शक्ती जुन्या खेळाडूंनी नीट पाहावी: एका जागी आपली सावली सोडायची, पुढे जायचं आणि वाटेल तेव्हा तिच्या जागी परतायचं. मूळ गेममध्ये आरशातून बाहेर पडलेली राजपुत्राची छाया शत्रू होती. अ‍ॅपल टूच्या तोकड्या मेमरीत नवा शत्रू मावेना, म्हणून मेकनरने नायकाच्याच चित्रांतून ती काढली होती. तिच्याशी लढलं तर आपलाच जीव जाई. तलवार म्यान केली, की ती आपल्यात मिसळे. ‘लॉस्ट क्राउन’च्या लढायांत अ‍ॅनिमेचा भडकपणा नको तितका आहे, पण ही सावली मागे सोडून काट्यांवरून झेप घेताना तो खुशाल माफ करावा.