तीन कॅसेटी आणि एक निर्णायक मत

तमिळ चित्रपटसंगीतातलं नव्वदचं दशक १९९२ साली सुरू झालं, असं मी धरून चालतो. त्या वर्षी जूनमध्ये ‘अण्णामलै’ आला, १५ ऑगस्टला ‘रोजा’ आणि दिवाळीत ‘तेवर मगन’. संगीतकार अनुक्रमे देवा, ए. आर. रहमान आणि इळैयराजा. शहराचं नाव तेव्हा अजून मद्रासच होतं. दशकातले दहा सर्वोत्तम अल्बम कोणते, या वादाला चेन्नईत कुठेही तोंड फोडा, तो फिरून फिरून या पाच महिन्यांशी येतो. फक्त देवाचं नाव वाटेत कुठेतरी गळून पडतं.

पहिला निकाल राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांनी लावला. ‘रोजा’ आणि ‘तेवर मगन’ यांना सारखीच मतं पडली. अध्यक्ष होते बालू महेंद्र, म्हणजे आपल्या बहुतेक चित्रपटांचं संगीत इळैयराजांकडे सोपवणारा दिग्दर्शक. त्यांनी निर्णायक मत टाकलं ते पहिलाच चित्रपट करणाऱ्या रहमानच्या पारड्यात. राजाभक्तांच्या मनातला तो सल अजून गेलेला नाही.

मला ते मत धाडसाचं वाटतं, बरोबर मात्र वाटत नाही. ‘रोजा’त नवा होता तो आवाजाचा पोत. कोडंबाक्कमला घराच्या आवारात उभारलेल्या स्टुडिओत रहमान एकेक वाद्य सुटं ध्वनिमुद्रित करत, थरावर थर चढवत गाणं बांधत होता. प्रसाद स्टुडिओत वादकांचा ताफा समोर बसवून, स्वतः लिहिलेल्या स्वरलिपीवरून वाजवून घेणाऱ्या राजांची रीत याच्या अगदी उलट. पण कान नव्या पोताला सरावले की उरते ती चाल. ‘तेवर मगन’मधलं एस. जानकींचं ‘इंजी इडुप्पळगी’ लाजत गुणगुणल्यासारखं उमलतं. गाणं कधी सुरू झालं हेच कळत नाही. जानकींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अर्थात याच कॅसेटवर ‘पोट्री पाडडी पेण्णे’ आहे आणि एका जातीचा अभिमान मिरवायला ते वर्षानुवर्षं वाजत आलं आहे. २०२३ साली ‘मामन्नन’च्या संगीत प्रकाशनात दिग्दर्शक मारी सेल्वराज यांनी, कमल हासन समोर बसलेले असताना, ‘तेवर मगन’ने आपल्याला किती अस्वस्थ केलं ते बोलून दाखवलं. याद्या करणारे ही बाजू सहसा ऐकतच नाहीत.

आपण मराठी श्रोते तर आणखी एका खिडकीतून ऐकतो. ‘रोजा’ आणि ‘बॉम्बे’ आपल्यापर्यंत हिंदीत आले, म्हणून ते आपल्या यादीत. भारतीराजांचे ‘किळक्कु सीमैयिले’ (१९९३) आणि ‘करुत्तम्मा’ (१९९४) आपण ऐकलेच नाहीत. रहमान म्हणजे नुसता संगणक, म्हणणाऱ्यांची तोंडं याच दोन कॅसेटींनी बंद केली. ‘करुत्तम्मा’त स्वर्णलताचा आवाज असा काही दुखावलेला येतो की स्टुडिओ वगैरे विसरायला होतं.

माझ्या यादीत सगळ्यात वर ‘इरुवर’ (१९९७). चित्रपट पडला. एम. जी. आर. आणि करुणानिधी यांच्या मैत्रीवर-वैरावर बेतलेली कथा. त्यामुळे रहमानला चार-पाच दशकांचं तमिळ संगीत नव्यानं घडवावं लागलं. ‘नरुमुगैये’त वैरमुत्तूंचे शब्द संगमकालीन काव्याच्या वळणाचे, चाल कर्नाटक संगीतातल्या नाट रागाच्या अंगानं जाणारी, गळे उन्नीकृष्णन आणि बॉम्बे जयश्री यांचे. आणि त्याच कॅसेटवर ‘हॅलो मिस्टर एदिर्कट्ची’ नावाचं अस्सल जॅझ. अनुकरण आहे, पण कुठेही नक्कल नाही. सहा-सात गाण्यांची कॅसेट ‘अल्बम’ म्हणून एकसंध ऐकावी असे प्रसंग तमिळ सिनेमात फार थोडे. एरवी गाणी दिग्दर्शकाच्या प्रसंगांनुसार ठरतात आणि चांगलं-वाईट एकाच पुडक्यात बांधलं जातं. राजांच्या चाहत्यांची खरी अडचण हीच आहे. त्यांचं उत्तम काम शंभर कॅसेटींत विखुरलेलं, दहाच्या यादीत ते मावत नाही.

आता देवा. त्याच्यावर उचलेगिरीचा शिक्का आहे आणि तो सगळाच खोटा नाही. पण उत्तर चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांत, मयताच्या घरी रात्र जागवताना म्हटला जाणारा ‘गाना’ त्याने सिनेमात ठाण मांडून बसवला. ‘कादल कोट्टै’ (१९९६) मध्ये ‘कवलैपडादे सहोदरा’ त्याने स्वतःच्या खरखरीत गळ्याने गायलं. गल्लीतला कोणी थोरला भाऊ खांद्यावर हात टाकून बोलावा तसं. दशकाच्या याद्यांत चेन्नईच नसावी, याचं मला नवल वाटतं. हेडफोन लावून ऐकणाऱ्यांनी केलेल्या याद्या आहेत त्या.

गंमत म्हणजे ‘अण्णामलै’ आणि ‘रोजा’ या दोन्हींची निर्मिती के. बालचंदर यांच्याच कवितालया संस्थेची. एकाच घरातून दोन महिन्यांच्या अंतराने निघालेल्या दोन कॅसेटी. ‘रोजा’ला २००५ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातल्या दहा सर्वोत्तम चित्रपटसंगीतांत बसवलं. ‘अण्णामलै’साठी देवाने केलेली सर्वांत टिकाऊ रचना मात्र गाणंच नाही, त्यामुळे ती कोणत्याच यादीत जायची नाही. माटुंग्याच्या अरोरा टॉकीजमध्ये ती मी ऐकली. अंधारात पडद्यावर एकेक ठिपका उजळत ‘सुपरस्टार’ ही अक्षरं उमटायला लागली, मागे ती धून सुरू झाली, आणि शिट्ट्यांच्या कल्लोळात पुढची पाच मिनिटं मला एकही संवाद ऐकू आला नाही.